मदत हवी आहे: पीएच ७.४ ला पेप्टाइड जेल विरघळते, कारण पीएच की विरलीकरण?

एफमॉक-डायफेनिलअ‍ॅलॅनिनचे (एफमॉक हा सुगंधी गट जोडलेले, दोन अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड) जेल करतो आहे, ५ मिग्रॅ/मिली. पेप्टाइड आधी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १० च्या आसपास विरघळवतो, मग ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोनने (पाण्यात सावकाश आम्ल बनणारा पदार्थ) हळूहळू पीएच ४ पर्यंत आणतो. जेल एकसंध आणि पारदर्शक होते, कुपी उलटी केली तरी हलत नाही. पण त्यावर ३७ अंशांना पीएच ७.४ चे फॉस्फेट बफर घातले की काही तासांत कडा लिबलिबीत होतात आणि दुसऱ्या दिवशी बफर ढवळला की तंतूंचे ढग वर येतात.

करून पाहिलेले: पेप्टाइड दुप्पट केले, फक्त वेळ वाढला. २५ अंशांना झीज कमी. तेवढेच मीठ घातलेल्या पीएच ५ च्या द्रावणाखाली जेल टिकते, म्हणून संशय पीएचवर. कॅल्शियमने आधार मिळतो, पण फॉस्फेटमध्ये ते पांढरे खाली बसते, म्हणून तो प्रयोग हेपेसमध्ये (फॉस्फेट नसलेला बफर) केला.

तरी एक गोष्ट अडते. कार्बॉक्सिल गटावरचा प्रभार वाढून तंतू सुटतात, की तंतूंशी समतोलात असलेले सुटे रेणू दर वेळी बदललेल्या बफरबरोबर निघून जातात?

पेशी वाढवायच्या असल्याने ग्लुटारअल्डिहाइड (रेणू एकमेकांना जोडणारे, पण पेशींना विषारी रसायन) चालणार नाही, पेप्टाइडचा क्रमही बदलता येत नाही. हाताशी यूव्ही शोषणमापक, सीडी (वर्तुळाकार द्विवर्णता, रेणूंची रचना पाहण्यासाठी) आणि ऱ्हिओमीटर (जेलचा घट्टपणा मोजणारे यंत्र) आहे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. बफर आधीच पेप्टाइडने संपृक्त करून घातला आणि वरच्या द्रावणातले एफमॉकचे शोषण ३०० नॅनोमीटरजवळ मोजत राहिलो, तर ही दोन कारणे खात्रीने वेगळी करता येतील का?