टीवाय फिजिक्सला कोणता विषय घेतलात? आणि का?

काल माळा आवरताना टीवायचं जर्नल सापडलं. न्यूटन्स रिंग्ज, सोडियम लॅम्प, तरंगलांबीचं उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम. खाली लाल पेनात ‘रीडिंग परत घ्या’. तेव्हा फॉर्मवर खगोलशास्त्र की इलेक्ट्रॉनिक्स, असं होतं. पुण्यातल्या आयुका या खगोल संस्थेत नारळीकरांचं व्याख्यान ऐकून आलेलो, खगोलच भरणार होतो. बाबा म्हणाले, “ताऱ्यांचं दुकान टाकणार का?” इलेक्ट्रॉनिक्स भरलं. तुम्ही लिहा.

धायरीकर
कारण एकच, सकाळची बस. मटेरियल सायन्सचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला. इलेक्ट्रॉनिक्स दुपारी. विषय संपला.
७४१ नंबरच्या आयसीला सप्लाय उलटा जोडला होता, तो वास अजून नाकात आहे. लॅबमधले काका शांतपणे, “नवीन आणा, पासोड्या विठोबापाशी मिळेल.”

चकलीभाजणी
मी खगोल!! नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, म्हणजे मोठी रेडिओ दुर्बीण, बघायला नेलेलं. ३० अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची, आणि जवळ गेलं तर नुसती तारेची जाळी, आरपार आभाळ दिसतं. मोबाइल बंद करायला लावले. मला वाटलं आता वर्षभर तारे बघायचे. पेपरात निघालं फूरिये ट्रान्सफॉर्म. सध्या बँकेत आहे 😅 परतताना नारायणगावात तमाशाच्या राहुट्या दिसल्या, सरांनी ड्रायव्हरला गाडी पळवायला सांगितली.

आळेफाटा
नारायणगाव म्हणजे टोमॅटो. काय भाव चाललाय सध्या?

चकलीभाजणी
आमच्याकडे भाजीवाला सांगेल तो 😂

दुपारचीझोप
मी तिथवर पोचलेच नाही. एसवायनंतर फिजिक्स की मॅथ्स यातच अडकले. मैत्रीण फिजिक्सला गेली म्हणून मीही. तिने जुलैत कॉलेज बदललं. क्वांटमच्या तासाला कळलं की जे सोडून आले तेच फळ्यावर चाललंय.

धायरीकर
अरेरे. मैत्रिणीला माफ केलंत का?

दुपारचीझोप
जाऊबाई आहे आता माझी.

काकडआरती
लेक यंदा एफवायला आहे. मेजर, मायनर, क्रेडिट, मला काही कळत नाही. तिला खगोल हवंय. काय सांगू?

चकलीभाजणी
घेऊ दे. फक्त पायथन आत्तापासून शिकायला लावा, आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुकात घेऊन जा. कुकर झाला, आले.

सोडियमलॅम्प
धागाकर्ते, ५८९३ अगदी बरोब्बर? आमच्या बॅचला उत्तर आधी यायचं, रीडिंग नंतर. त्या पानाचा फोटो टाका. माझं जर्नल कुणीतरी नेलं होतं, परत आलं नाही.