चांदणी आणि कलकल
नाताळची चांदणी घरी कशी करायची, असं कुणीतरी विचारलंय. आमच्या कॅम्पातल्या घरी ती आकाशकंदिलासारखीच व्हायची. बांबूच्या दहा कामट्या, पाच-पाचाच्या दोन चांदण्या, टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची आणि मध्ये पाच बुटक्या काड्या उभ्या खोचून पोट फुगवायचं. पोट जमलं की सगळं जमलं! वरून खळीने पतंगाचा कागद. बल्बसाठी एक फट मोकळी.

आणि कलकल, म्हणजे नाताळच्या फराळातला तळलेला गोड पदार्थ, विसरू नका. मैद्याची बोराएवढी गोळी तेल लावलेल्या कोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबायची, मग अलगद गुंडाळायची. शिंपल्यासारख्या रेषा उमटतात. आजी रेषा पुसट झालेली गोळी पुन्हा करायला लावायची. शेजारच्या काकूंचा दिवाळीच्या चकल्यांचा डबा आमच्याकडून नाताळलाच परत जायचा, कलकलांनी काठोकाठ भरून.