नुसत्या पदवीवर भागत नाही

'स्वयंसेवी संस्थांना सल्ला देणाऱ्या कंपनीत नामवंत बिझनेस स्कूलची माणसं असली की पुरे' हे मत अनेकदा ऐकू येतं, पण मला पटत नाही. व्यवस्थापनाची शिस्त उपयोगी पडते, यात वाद नाही; स्वयंसेवी संस्थांना सल्ला देणारी अमेरिकेतली ब्रिजस्पॅन २००० साली बेन अँड कंपनी या व्यवस्थापन सल्लागार कंपनीच्या पाठबळावरच उभी राहिली. पण संस्थेचे हिशेब वाचणं हे वेगळंच काम आहे. खात्यात पैसा दिसतो, पण त्यातला बराचसा ठरावीक प्रकल्पाला बांधलेला असतो. त्यातून ऑफिसचं भाडं किंवा हिशेबनिसाचा पगार सहसा काढता येत नाही. ज्याने ही ओढाताण स्वतः निभावली आहे तो पहिल्याच बैठकीत विचारतो, 'यातला मोकळा निधी किती?'

सरकारी खात्यांना सल्ला द्यायचा तर आणखी निराळं. तिथे निविदा, लेखापरीक्षण, आर्थिक वर्ष यांच्या तालावरच सगळं चालतं. चांगली योजना अंदाजपत्रक ठरून गेल्यावर मांडली तर ती पडून राहते. म्हणून सल्लागारांच्या टीममध्ये आतून यंत्रणा पाहिलेला माणूस हवाच. (मात्र ज्या खात्यातून तो आला त्याच खात्याचं काम त्याला लगेच देऊ नये. हितसंबंधांचा प्रश्न खरा आहे.)

आणि हे विसरू नका: सल्लागार कंपनीच्या वेबसाइटवर झळकणारे ज्येष्ठ भागीदार बऱ्याचदा सादरीकरणापुरतेच येतात, रोजचं काम नवखी मुलं करतात. प्रस्ताव मागवतानाच कोण किती दिवस देणार, हे नावानिशी लेखी घ्या.