मदत हवी आहे: जुनी स्टेशन वॅगन घेतोय, सस्पेन्शनच्या कामाला सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

जुनी स्टेशन वॅगन घ्यायचं बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. एसयूव्ही नकोच. वॅगनची मागची सीट पाडली की लांबलचक सपाट जागा मिळते, सामान कमरेच्या उंचीवरून आत सरकवता येतं आणि गाडी वळणावर झुलत नाही. शोधता शोधता दोन नावांवर आलोय: व्होल्वो 240 (ही 1993 पर्यंत बनत होती) आणि मर्सिडीज 124 इस्टेट (इस्टेट म्हणजे वॅगनच).

124 चालवायला फारच सुरेख. पण तिच्या मागच्या सस्पेन्शनला हायड्रॉलिक सेल्फ-लेव्हलिंग (वजन पडलं तरी मागची उंची राखणारी यंत्रणा) आहे: इंजिनवर चालणारा पंप, तेलाच्या नळ्या आणि नायट्रोजन भरलेले गोळे. गोळ्यांतला गॅस संपला की मागची बाजू दगडासारखी कडक होते. मी पाहिलेल्या गाडीत नेमकं तेच होतं, छोट्या खड्ड्यातही मागून उडत होती. मला बरंचसं काम स्वतः करायचं आहे, त्यामुळे 240 ची साधी रचना जास्त पटते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड दांडा) आणि कॉइल स्प्रिंग. समजायला सोपं, खोलायला सोपं.

एक 240 पाहून आलो आणि ती मनात भरली आहे. पत्रा उत्तम. स्ट्रट टॉवर (स्ट्रट वर जिथे पत्र्याला बसतो ती जागा), जॅक लावायच्या जागा, मागचे शॉकअप जिथे बसतात ती जागा, स्पेअर व्हीलची खोबण, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं, कुठेच आत गेला नाही. सस्पेन्शन मात्र थकलेलं आहे:

रिकामी असतानाही मागून बसलेली दिसते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून 'टक' आवाज येतो, पुन्हा दाबला की पुन्हा 'टक'. ब्रेक मारल्यावर पुढून किंचित एका बाजूला ओढते. आणि पुढच्या टायरवरून तळहात फिरवला तर रबर सलग लागत नाही, चढउतार जाणवतात.

माझे प्रश्न:
सगळं एकदम बदलावं की टप्प्याटप्प्याने? टप्प्याने करायचं तर आधी काय?
बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणाऱ्या लवचिक नळ्या) रबरचे घ्यावेत की कडक पॉलियुरेथेनचे?
मागे मूळ ताकदीचे स्प्रिंग टाकावेत की जास्त वजनाचे?

ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

पत्रा चांगला असेल तर घ्या. बुश आणि शॉकअप बदलता येतात, सडलेला स्ट्रट टॉवर नाही.

तो 'टक' आवाज बहुतेक मागच्या बुशचा आहे. या गाडीत अ‍ॅक्सलला दोन ट्रेलिंग आर्म, दोन टॉर्क रॉड आणि आडवा पॅनहार्ड रॉड धरून ठेवतात. रबर सैल झालं की गॅस देताना आणि सोडताना अख्खा अ‍ॅक्सल पुढेमागे हलतो. ट्रेलिंग आर्म जिथे अ‍ॅक्सलला जोडतो तो बुश आधी बघा. टॉर्च लावून, पहारीने हळूच रेटा. रबर आणि लोखंड यांच्यात फट दिसली तर निकाल लागला. तो बुश काढायला चांगलाच त्रास देतो, त्यासाठी पुलर लागतो, नुसत्या हातोड्याने नाद करू नका.

पुढे ब्रेकवर ओढते म्हणजे लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट तपासा. पण ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकत नाही ना, हेही आधीच पाहून घ्या, नाहीतर सस्पेन्शन नवं होईल आणि ओढणं तसंच राहील. टायरवरचे चढउतार हे शॉकअप गेल्याचं लक्षण.

माझा क्रम: आधी बुश आणि बॉल जॉइंट, मग स्प्रिंग, शॉकअप. पुढचा स्ट्रट खोललाच तर वरचं माउंट, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर त्याच वेळी बदला, परत खोलण्याची मजुरी वाचते. शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीने.

सगळ्यात महत्त्वाचं: रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी हाताने बसवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मगच टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने पक्के आवळा. चांगले बुश चार महिन्यांत गेले असं ऐकलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. पॉलियुरेथेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या गाडीत रबरच. मागचा अ‍ॅक्सल वळणावर तिरका होतो तेव्हा बुशला पिळ सोसावा लागतो. कडक पॉलीला ते जमत नाही, शिवाय डिफरन्शिअलची (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरची) घरघर केबिनमध्ये येते. लोअर आर्मला पॉली एक वेळ चालेल.

स्प्रिंगचं म्हणाल तर आधी मोजा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, दोन्ही बाजूंना, टेप लावून. चाकाच्या मध्यापासून मोजलं की टायरमधली हवा कमीजास्त असली तरी फरक पडत नाही. रोज जड सामान नेणार नसाल तर मूळ ताकदीचेच घ्या. जास्त वजनाचे स्प्रिंग रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी करतात.

पुढचे स्प्रिंग दाबताना कॉम्प्रेसर दणकट घ्या. दबलेला स्प्रिंग सुटला तर जीव जाऊ शकतो. भीती वाटत असेल तर तेवढं काम वर्कशॉपला द्या.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बोल्ट कधी आवळायचे हे माहीतच नव्हतं. अजून एक शंका: व्होल्वो 940 ची वॅगनही एक मिळतेय. मागे निव्होमॅट शॉकअप आहेत म्हणे. त्यात काही अडचण?

प्रतिसाद २

निव्होमॅट गाडीच्या हालचालीवर स्वतःच आत दाब तयार करून उंची सांभाळतो, बाहेरून पंप लागत नाही. त्याच्या जोडीला मूळ स्प्रिंग नरम दिलेले असतात. तो बदलून साधा शॉकअप टाकला आणि स्प्रिंग तेच ठेवले, तर गाडी मागून बसते. म्हणून तिथे एकतर निव्होमॅटच परत टाका, नाहीतर शॉकअपबरोबर स्प्रिंगही साध्या प्रकारचे घ्या. आणि गाडी कुठलीही घ्या, काम झाल्यावर नवे स्प्रिंग थोडे बसू देत, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा. अलाइनमेंटच्या मोजणीचा कागद इथे टाका, बघून सांगतो.