मदत हवी आहे: एनक्लेक्सच्या डोस गणितांत राउंडिंग नेमके कधी करायचे?

नमस्कार मंडळी. एनक्लेक्स-आरएनची (अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा) तयारी सुरू आहे. रुग्णाचे वजन १५८ पाउंड, ऑर्डर हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) १८ युनिट प्रति किलो प्रति तास, पिशवीत २५० एमएलला २५,००० युनिट. पंप ताशी किती एमएलवर लावायचा? उत्तर एक दशांश स्थळापर्यंत हवे आहे. वजन ७२ किलो धरले तर १३.० येते, पूर्ण आकडा ठेवला तर १२.९. कोणते ग्राह्य धरतात? आणि ड्रिपच्या थेंबांचे काय करायचे?

प्रतिसाद १:
१२.९. राउंडिंग एकदाच आणि अगदी शेवटी करायचे. १५८ ला २.२ ने भागा (एक किलो म्हणजे २.२ पाउंड), ७१.८१८१… हा आकडा कॅल्क्युलेटरवर तसाच राहू द्या, १८ ने गुणा: १२९२.७२ युनिट. एका एमएलमध्ये १०० युनिट, म्हणून १२.९२७. आता कुठे १२.९ करायचे. ७२ धरले की वजनातली ती वाढ पुढे १८ ने गुणली जाते. अशा रिकाम्या चौकटीच्या प्रश्नाला अर्धे गुण नसतात, त्यामुळे ०.१ चा फरकही उत्तर चुकवतो.

मूळ प्रश्न विचारणारी:
धन्यवाद! किलो निदान एका दशांशापर्यंत ठेवले तर चालेल ना? ७१.८ घेऊनही १२.९ च येते.

प्रतिसाद १:
इथे निभावले, पण दर वेळी निभावेल असे नाही. हे करून बघा: मुलाचे वजन ४२ पाउंड, पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रति किलो, सिरप ५ एमएलमध्ये १६० मिग्रॅ. पूर्ण आकड्याने ८.९४८ एमएल, म्हणजे ८.९. वजन १९.१ किलो धरले की ८.९५३, म्हणजे थेट ९.०. याच गणितात दुसरा सापळाही आहे. ८.९४८ चे आधी ८.९५ आणि मग ९.० करू नका. एक दशांश हवा असेल तर फक्त दुसरे दशांश स्थळ बघायचे. तिथे ४ आहे, ५ पेक्षा कमी, म्हणून ८.९.

प्रतिसाद २:
थेंबांबद्दल. अर्धा थेंब मोजता येत नाही, म्हणून थेंब/मिनिट नेहमी पूर्णांकात, आणि तेही नेहमीच्याच नियमाने: ५ किंवा जास्त तर वर, नाहीतर खाली. १००० एमएल ७ तासांत, ड्रिपच्या नळीचा सेट २० थेंब/एमएलचा, म्हणजे २० थेंबांचा एक एमएल: २०,००० भागिले ४२० मिनिटे = ४७.६, उत्तर ४८. तासांची मिनिटे करायला विसरणे ही यातली सर्वांत मोठी चूक. मायक्रो सेट (बारीक थेंबांचा) ६० थेंब/एमएलचा असतो, तिथे ताशी एमएल आणि मिनिटाचे थेंब हा आकडा एकच येतो, पडताळायला सोपे.

लहान मुलांचा डोस नेहमी खाली उतरवायचा असे काही ठिकाणी शिकवतात. परीक्षेत मात्र प्रश्नात लिहिलेली सूचनाच पाळा. ‘पूर्णांकात’ की ‘एक दशांशापर्यंत’, हे प्रश्नाच्या शेवटी दिलेले असते आणि घाईत नेमके तेच वाक्य सुटते. गणिताला हात लावण्याआधी ते वाचा.

प्रतिसाद ३:
चौकटीत फक्त आकडा टाका, एकक शेजारी छापलेले असते. एकापेक्षा लहान उत्तर असेल तर .४ ऐवजी ०.४ लिहा. वॉर्डातही हीच सवय हवी, कारण तो टिंब नजरेआड झाला तर .४ चे ४ होते, म्हणजे दहापट डोस.