गरब्याच्या पासांसाठी वेगळी लेयर-३ चेन काढावी का?

मांडवीकर_८९:
मंडळी, बडोद्यातल्या एका मोठ्या गरब्याच्या पासांचं काम हातात आहे. नऊ रात्री, रोज ३०,००० माणसं. पास ब्लॅकमध्ये जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पास टोकन (ब्लॉकचेनवरची डिजिटल नोंद) स्वरूपात. कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) आर्बिट्रम वनसाठी, म्हणजे इथेरियमवर उभ्या असलेल्या लेयर-२ चेनसाठी लिहिलंय. भागीदाराचं म्हणणं, ऑर्बिट (आर्बिट्रमचं चेन काढायचं सॉफ्टवेअर) वापरून स्वतःची लेयर-३, म्हणजे आर्बिट्रम वनवर उभी राहणारी चेन काढू, गॅसही (व्यवहाराची फी) आपल्याच टोकनमध्ये घेऊ. यात खरा फायदा किती?

सयाजीगंज_नोड:
आधी आकडे मांडा. ३०,००० स्कॅन दोन तासांत धरले तर सेकंदाला चार-सव्वाचार व्यवहार. प्रत्येकी १ लाख गॅस (इथे गॅस म्हणजे व्यवहाराला लागणाऱ्या कामाचं माप) पकडला तरी सेकंदाला सव्वाचार लाख. आर्बिट्रम वनची सेकंदाला ७० लाख गॅसची जुनी मर्यादा धरली, तरी तुम्ही त्यातला जेमतेम ६ टक्के वापरता. म्हणजे वेगासाठी वेगळी चेन नकोच. ब्लॅक रोखायला पासाचं हस्तांतर अडवणं तर कॉन्ट्रॅक्टमधल्या दोन-तीन ओळींचं काम आहे.

लेयर-३ शोभते कुठे? दुसऱ्या कुणाच्या गर्दीमुळे आपली फी वाढू नये, कोण व्यवहार करू शकेल हे आपण ठरवावं, चेनच्या नियमांतच बदल करावेत, आणि हे सगळं बारा महिने लागतं, तिथे. नऊ रात्रींसाठी वर्षभर सिक्वेन्सर (व्यवहारांचा क्रम लावणारा), बॅच पोस्टर (व्यवहारांचे गठ्ठे खालच्या चेनवर, म्हणजे इथे आर्बिट्रम वनवर, पाठवणारा), व्हॅलिडेटर (हिशेब तपासणारा), आरपीसी (ॲप चेनला जोडणारा सर्व्हर), एक्स्प्लोरर (व्यवहार पाहायची साइट) आणि ब्रिज (दोन चेनमध्ये पैसे नेणारा पूल) सांभाळणं मला पटत नाही.

रावपुरा_देव:
+१. काय बिघडतं तेही पाहा. बॅच पोस्टरच्या वॉलेटमधलं ईथर (इथेरियमचं चलन) संपलं की डेटा खालच्या चेनवर जायचा थांबतो. सिक्वेन्सर मात्र पावत्या देतच राहतो, त्यामुळे ॲपमध्ये सगळं ठीक दिसतं. शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की अलर्ट हवाच. बेस या लेयर-२ वरची डेजन ही लेयर-३ चेन मे २०२४ मध्ये दोन दिवसांहून जास्त ठप्प होती, आणि निमित्त होतं बॅच पाठवण्याच्या सेटिंगमधल्या बदलाचं.

स्वतःच्या टोकनमध्ये गॅस घेतलात तरी खालच्या चेनचं बिल ईथरमध्येच भरावं लागतं. टोकनचा भाव पडला आणि विनिमय दर वेळेवर बदलला नाही, तर प्रत्येक व्यवहारात तुमच्या खिशाला चाट. एनीट्रस्टने (सगळा डेटा खालच्या चेनवर न टाकता बाहेर ठेवायची पद्धत) खर्च बराच उतरतो, पण मग डेटा जपणाऱ्या समितीवर भिस्त.

पैसे बाहेर काढायलाही वेळ लागतो. लेयर-३ वरून आर्बिट्रम वनवर यायला साधारण ६.४ दिवस, तिथून इथेरियमवर जायला पुन्हा तितकेच.

मांडवीकर_८९:
पटलं. मग गेटवर पडताळणी कशी करावी?

सयाजीगंज_नोड:
गेटवर चेनची वाट पाहूच नका. दर ३० सेकंदांनी बदलणारा, डिजिटल सही केलेला क्यूआर ठेवा. स्कॅनरमध्ये पब्लिक की (सही तपासायची उघड किल्ली) ठेवली की सही नेटशिवाय तपासता येते. एकच पास दोन गेटवर चालू नये म्हणून सगळे स्कॅनर मैदानातल्याच लोकल सर्व्हरला जोडा. मोबाइल नेटवर्कवर विसंबू नका, इतक्या गर्दीत ते हमखास दगा देतं. रात्री गेट बंद झाल्यावर त्या दिवसाच्या नोंदींचा मर्कल रूट (सगळ्या नोंदींचा मिळून एकच डिजिटल ठसा) एका व्यवहारात आर्बिट्रम वनवर टाका.