सुई टोचून सतरा तास झाले आहेत. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या आता सुरू करून उपयोग होईल का?

तालुक्यातला तंत्रज्ञ (रविवार, सकाळी ९.०५)

मी तालुक्याच्या गावी एका खासगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काल शनिवारी दुपारी चारच्या सुमारास शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांसाठी एका रुग्णाचे रक्त काढले आणि सुईला टोपण लावताना ती माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीत घुसली. हातमोजा घातलेला होता, पण आतल्या बाजूने रक्ताचा थेंब फुगून रबराला चिकटताना मला स्पष्ट दिसला. घाबरून मी बोट जोराने पिळले आणि वर स्पिरिट ओतले. तासाभराने त्याच नमुन्याची एचआयव्हीची कार्डावरची पहिली चाचणी केली, तेव्हा दुसरी रेघ उमटली, म्हणजे ती पॉझिटिव्ह दिसली.

मालकांना सांगितले तर ते म्हणाले, "एका कार्डावर काय ठरतंय? सोमवारी पक्का रिपोर्ट येऊ दे, मग बघू. उगाच बोभाटा करू नकोस." त्यांचे म्हणणे मला तेव्हा पटलेही. रात्री मात्र शिकत असताना भित्तिपत्रकावर वाचलेले 'पहिली मात्रा दोन तासांच्या आत' हे शब्द आठवले आणि झोप उडाली. आता सतरा तास होऊन गेले आहेत. दोन तासांची वेळ चुकली म्हणजे सगळे संपले का? आता सुरू केल्यास या गोळ्या कितपत परिणामकारक ठरतात? मला आम्लपित्ताचा त्रास असल्याने रोज जेवणानंतर पातळ अँटासिड घ्यावे लागते, ते या गोळ्यांबरोबर चालते का? लग्नाला आठ महिने झाले आहेत आणि पत्नीला मी अजून काहीही सांगितलेले नाही.

एआरटीवाला डॉक्टर (रविवार, सकाळी ९.२२)

हे वाचत बसण्याआधी उठा आणि जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जे जवळ असेल त्याच्या अपघात विभागात जा. रविवार असल्याने एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीवर औषधोपचार करणाऱ्या केंद्राची, बाह्यरुग्ण सेवा बंद असेल, परंतु या गोळ्यांचा काही साठा अपघात विभागात ठेवण्याची पद्धत आहे, ती अशाच प्रसंगांसाठी. तिथे गेल्यावर लांबण न लावता "सुई टोचली आहे, पेपची पहिली गोळी हवी आहे" असे सांगा; पेप म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी इजेनंतर घ्यायचे औषध. कोणी टोलवाटोलवी करू लागल्यास १०९७ हा निःशुल्क क्रमांक लावा. बाकीचे प्रवासात वाचा.

दोन तास हे आदर्श आहे, मुदत नव्हे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत घ्यायची असते. तुम्ही सतरा तासांवर आहात, म्हणजे तुमची गाडी चुकलेली नाही. मात्र ७२ तास आहेत म्हणून सोमवारपर्यंत थांबणे हा त्या आकड्याचा अगदी उलटा अर्थ आहे, कारण गोळीचा उपयोग ७१ व्या तासापर्यंत पूर्ण राहतो आणि मग अचानक शून्यावर येतो असे काही घडत नाही. तो तासागणिक घसरत जातो.

याचे कारण विषाणूच्या प्रवासात आहे. सुईबरोबर आत गेलेला विषाणू लगेच रक्तभर पसरत नाही. तो आधी त्या जागच्या पेशींत शिरतो, तिथून एकदोन दिवसांत जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि त्यानंतर रक्तात दिसू लागतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्या आरएनएची, म्हणजे जनुकीय माहितीची, डीएनए प्रत काढतो आणि ती प्रत पेशीच्या गुणसूत्रांत शिवून टाकतो. सध्या दिल्या जाणाऱ्या गोळीतील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही प्रत निघू देत नाहीत, तर डोलुटेग्राव्हिर ती शिवू देत नाही. एकदा टाके पडले की उसवणारे औषध आपल्याकडे नाही, म्हणूनच ही घाई.

पक्क्या रिपोर्टची वाट पाहू नका. आपल्याकडे एचआयव्हीचे निदान तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी करतात, त्यामुळे एका कार्डावरून त्या रुग्णाला काहीही सांगणे चुकीचे ठरेल, हे मालकांचे म्हणणे रुग्णाच्या बाबतीत योग्य आहे. तुमच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा आहे. उद्या निदान चुकीचे ठरले तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवता येतील आणि एकदोन गोळ्या जास्त पोटात गेल्या इतकेच होईल. निदान बरोबर ठरले तर गमावलेला दिवस मात्र परत मिळणार नाही.

बोट पिळणे आणि स्पिरिट ओतणे या दोन्ही गोष्टी करू नयेत. साबण आणि वाहते पाणी पुरे. पण झाले ते झाले, त्याचा आता विचार करू नका. आम्लपित्ताचे विचारलेत हे फार चांगले केलेत. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले अँटासिड पोटात डोलुटेग्राव्हिरला बांधून ठेवते आणि औषध रक्तात नीट उतरत नाही, म्हणून गोळी अँटासिडच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचेही असेच आहे, फक्त त्या जेवणासोबत घेतल्यास एकत्र चालतात.

आकडेमोड (रविवार, सकाळी १०.१०)

डॉक्टरांचा अनादर करण्याचा हेतू नाही, पण एक शंका आहे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर संसर्ग होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन, असे सर्वत्र वाचायला मिळते. हजारातील ९९७ जणांना काहीही न करता काही होणार नसेल, तर प्रत्येकाने २८ दिवस औषधे घ्यावीत हा अतिरेक नाही का? आणि ज्यांनी घेतली त्यांपैकी बहुतेकांना तसाही संसर्ग होणार नव्हता, तर औषधाने वाचवले हे सिद्ध तरी कसे करतात?

एआरटीवाला डॉक्टर (रविवार, सकाळी १०.४८)

शंका रास्त आहे आणि तिच्यामुळेच परिणामकारकतेबद्दल नेमके बोलता येईल.

०.३ टक्के ही सरासरी आहे आणि सरासरीत सगळ्या प्रकारच्या सुया येतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि इटली येथील संसर्ग झालेल्या ३३ आरोग्यकर्मचाऱ्यांची तुलना, तशीच इजा होऊनही संसर्ग न झालेल्या ६६५ जणांशी केली होती. खोल जखम, उपकरणावर डोळ्यांना दिसणारे रक्त, थेट शिरेत किंवा धमनीत घातलेली सुई आणि आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्ण, या चार गोष्टींमुळे धोका वाढतो असे त्यात दिसले. प्रश्नकर्त्याची सुई पोकळ होती आणि नुकतीच शिरेतून निघालेली होती. शिवाय रुग्णाला आपल्या स्थितीची कल्पनाच नसेल, तर तो औषधांवर नसणार आणि त्याच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण जास्त असू शकते. हातमोज्यामुळे सुईवरचे थोडे रक्त पुसले गेले असेल, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. तेव्हा सरासरीच्या आडोशाला उभे राहण्यासारखी ही इजा नाही.

त्याच अभ्यासात इजेनंतर झिडोव्ह्युडिन घेणाऱ्यांमध्ये संसर्गाची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण तो एकट्या, जुन्या औषधाचा आहे आणि मागे वळून केलेल्या, लहानशा तुलनेतून आलेला आहे. तीन औषधांच्या आजच्या गोळीचा परिणाम त्याहून सरस असावा असे मानण्यास आधार आहे, परंतु निम्म्या लोकांना गोळी आणि निम्म्यांना खडूची वडी देऊन हे तपासण्याची परवानगी कोणतीही नैतिक समिती देणार नाही, त्यामुळे तुम्ही मागता तसा निर्विवाद पुरावा मिळणार नाही.

मग वेळेचे आणि २८ दिवसांचे गणित आले कुठून? मुख्यतः माकडांवरील प्रयोगांतून. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मकाक माकडांना एचआयव्हीच्या जवळच्या विषाणूची लागण करून नंतर टेनोफोव्हिर दिले गेले. २४ तासांनी सुरू करून २८ दिवस औषध मिळालेली सर्व माकडे वाचली. दहा दिवसच मिळालेल्यांपैकी निम्मी वाचली. तीनच दिवस मिळालेल्यांपैकी एकालाही पूर्ण संरक्षण मिळाले नाही. ४८ आणि ७२ तासांनी सुरू केल्यावर संरक्षण कमी होत गेले. म्हणजे उशिरा सुरू करणे आणि मध्येच सोडणे या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. तिसऱ्या किंवा दहाव्या दिवशी 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला उशिरा येणाऱ्यांपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटते.

रात्रपाळी (रविवार, दुपारी १२.३५)

मी स्टाफ नर्स आहे. पंधराएक वर्षांपूर्वी प्रसूतिकक्षात टाके घालण्याची सुई मला टोचली होती आणि तेव्हा झिडोव्ह्युडिन व लॅमिव्ह्युडिन अशा दोन औषधांची गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागे. मळमळ इतकी असे की स्वयंपाकघरात फोडणीचा वास आला तरी मी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहत असे. नवव्या दिवशी गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली होती आणि सासूबाईंनी ती परत काढून दिली. आताची गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असते आणि पुष्कळच सुसह्य आहे. आमच्या वॉर्डातील ज्यांनी घेतली त्यांना थोडे डोके दुखणे आणि झोप चाळवणे यापलीकडे विशेष त्रास झाला नाही.

तंत्रज्ञ दादांना दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे घटनेची लेखी नोंद करा: तारीख, वेळ, सुईचा प्रकार, हातमोजा होता की नाही आणि मालकांना केव्हा कळवले ते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेने, ती खासगी असली तरी, कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने आणि इजेनंतरचे हे औषध उपलब्ध करून देणे त्यात बंधनकारक आहे. आम्हांलाही त्या वेळी 'बोभाटा नको' असेच ऐकवले गेले होते आणि नोंदवहीत माझी इजा चार दिवसांनी लिहिली गेली, तीही चुकीच्या तारखेने. दुसरी गोष्ट म्हणजे त्या रुग्णाचे नाव, घरीसुद्धा, कोणापाशीही काढू नका. गोपनीयतेचे कलम त्याच कायद्यात आहे.

तालुक्यातला तंत्रज्ञ (रविवार, दुपारी ३.२०)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. मित्राच्या मोटारसायकलवरून जिल्ह्याला गेलो. अपघात विभागात आधी 'उद्या या' असे सांगितले गेले, पण तिथल्या एका सिस्टरने कपाटातून बाटली काढून ११ वाजून ४० मिनिटांनी पहिली गोळी माझ्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. माझ्या रक्ताचा नमुना घेतला आहे आणि उद्या एआरटी केंद्रात बोलावले आहे. तिथे कावीळ ब लसीबद्दल विचारले, तेव्हा आठवले की शिकत असताना मी दोनच मात्रा घेतल्या होत्या, तिसरी राहून गेली. हे महत्त्वाचे आहे का? आणि पत्नीचे काय करायचे?

एआरटीवाला डॉक्टर (रविवार, सायंकाळी ५.०२)

एकोणीस तास चाळीस मिनिटे. उत्तम झाले, आणि त्या सिस्टरना माझाही नमस्कार सांगा.

कावीळ ब महत्त्वाची आहेच. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित सुईतून तिचा संसर्ग होण्याची शक्यता एचआयव्हीच्या कितीतरी पट, सहा ते तीस टक्क्यांपर्यंत असते. उद्या तुमच्या रक्तातील प्रतिपिंडांची पातळी आणि कावीळ ब व क साठी त्या रुग्णाच्या चाचण्यांचा निकाल पाहायला सांगा. राहिलेली मात्रा द्यायची, की त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही द्यायचे, हे त्यावर ठरेल. ते इंजेक्शन लवकर दिलेले बरे, म्हणून हा विषय उद्या तुम्हीच काढा. तुम्हाला स्वतःला आधीपासून कावीळ ब असेल, तर तेही आत्ताच कळायला हवे, कारण टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात आणि २८ दिवसांनी अचानक बंद केल्यावर यकृताचा आजार उसळू शकतो. टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही पाहतील.

आजचा रक्ताचा निकाल काहीही आला तरी तो कालच्या सुईबद्दल काही सांगत नाही. तो फक्त तुमची आधीची स्थिती सांगतो. सुईबद्दलचे उत्तर सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने या तपासण्यांतून मिळेल. तोपर्यंत निरोध वापरा आणि रक्तदान करू नका. पत्नीला सांगावे, असे माझे मत आहे. आठ महिन्यांच्या संसारात अचानक निरोध आला तर ती कारण विचारेलच, आणि तेव्हा सुचेल ते खोटे सांगण्यापेक्षा आज खरे सांगणे सोपे जाईल. हवे तर उद्या तिला सोबत न्या, समुपदेशक दोघांशी बोलतील.

रात्रपाळी (रविवार, रात्री ८.४०)

गोळीची वेळ रोज एकच ठेवा. मी मोबाइलच्या गजरापेक्षा दात घासण्याच्या पेल्यात पट्टी ठेवत असे, ती विसरणे शक्यच नव्हते. तरीही एखाद्या दिवशी विसरलात तर आठवताक्षणी घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. अँटासिडची बाटली मात्र त्या पेल्यापासून लांब ठेवा.